पेलहॅम कुलवृत्तांताचं शुद्धिपत्र

सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे, आणि हे लिहून होईपर्यंत तो राग उतरू द्यायचा माझा विचार नाही. माझा नवरा विक्रांत म्हणतो, "आधी शांत हो, मग लिही." शांत राहून मी गेली अकरा वर्षं लिहितेच आहे. रक्तदाब मोजायच्या यंत्राबरोबर खोक्यात जो घडीचा कागद येतो आणि जो कुणीही न वाचता फेकून देतं, तो सिंगापुरात वन-नॉर्थच्या एका कंपनीत बसून मी लिहिते. 'यंत्र पाण्यात बुडवू नये.' हे वाक्य माझं आहे. शांतपणाने माणसाच्या हातून एवढंच साहित्य होतं.

झालं असं, की मार्च महिन्यात आमच्या साहेबाने आम्हा चौघांना बुओना व्हिस्टाजवळच्या हॉकर सेंटरात जेवायला नेलं. साहेब म्हणजे ग्रँट पेलहॅम. अमेरिकन, साठीला टेकलेला, बोलायला गोड. त्याला नुसतं 'ग्रँट' म्हणायचं असतं, आणि माझ्या जिभेवर अजूनही प्रत्येक वेळी 'साहेब' येऊन परत जातो. त्याच्यापुढे चिकन राइस होता, माझ्यापुढे टोफू. एक घास खाऊन तो म्हणाला, "बरा आहे, पण आमच्या घरच्या बायना राइसची सर नाही."

"बायना म्हणजे?"

"कुणास ठाऊक. पिढ्यान्पिढ्या तसंच म्हणतात. गावबिव असेल एखादं."

मग म्हणाला, जुलैमध्ये घराण्याचा मेळावा आहे, बासष्ट माणसं जमणार आहेत, पण आजोबांच्या मागचं कुणालाच काही माहीत नाही. एवढंच कळतं, की साउथ कॅरोलायनात, इंग्रजांच्या राज्यात, त्यांचा कुणी पूर्वज मोठा जमीनदार होता. आणि इथे माझं तोंड उघडलं. "म्हणजे तुमचा कुलवृत्तांत नाही?" मी इतक्या कीव आल्यासारखं विचारलं, की त्याने काटा खाली ठेवला. "मग तुमचा मूळ पुरुष कोण?"

परक्या माणसाला भर जेवणात त्याचा मूळ पुरुष विचारणारी बाई फक्त आपल्यातच सापडेल. पण मला अभिमान होता हो. आमच्या सासरच्या आडनावाचा चारशे बारा पानांचा कुलवृत्तांत आहे आणि त्याची मुद्रितं तीन वर्षं मी तपासली आहेत. कोण कुठल्या साली कुठे मामलेदार होते, कुणाला ताकाची आवड होती, सगळं मला पाठ. मी म्हणाले, "मी करून देते तुमचा."

यात निव्वळ परोपकार होता असं म्हणणं खोटं ठरेल. ऑगस्टमध्ये माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, संपत होता. तो वाढवायचा की नाही हे ग्रँटच्या शिफारशीवर. विक्रांतचा आणि जाईचा पास माझ्या पासला बांधलेला, आणि जाईची ओ-लेव्हलची, म्हणजे इथली दहावीची, परीक्षा ऑक्टोबरात. पास गेला तर लेक परीक्षेच्या तोंडावर पुण्याच्या विमानात. तेव्हा साहेबाचा मूळ पुरुष शोधून दिला तर बरंच, एवढा व्यवहार मलाही कळतो.

सेंगकांगला आमच्याच इमारतीत बाराव्या मजल्यावर पद्माकरकाका राहतात. बँकेतून निवृत्त, इथले नागरिक, विक्रांतचे लांबचे चुलते आणि आमच्या कुलवृत्तांताचे परदेश विभागाचे संपादक. मी खाली बाकावर बसून कागद पसरले आणि पाच मिनिटांत काका हजर. त्यांनी सोबत आपला छापील नमुना आणला होता.

"मूळ पुरुष?"

"एलायस पेलहॅम. सतराशे साठच्या सुमाराला वारला."

"मूळ गाव?"

"इंग्लंड. पुढचं कळत नाही."

"कोकणातल्यांचंही पुढचं कळत नाही. लिही 'समुद्रमार्गे आगमन'. कुलदैवत?"

"काका, ते ख्रिस्ती आहेत."

"मग सोपं आहे. एकच आहे. गोत्र?"

मी कागद उलटसुलट केले.

"गोत्र माहीत नसेल तर काश्यप लिहायचं," काका म्हणाले, "हे शास्त्र आहे. अमेरिकेला वगळलेलं नाही त्यातून."

तेवढ्यात बाजूच्या ब्लॉकमधल्या अनघावहिनी भाजीच्या पिशव्या घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "बायकांचा रकाना मोठा ठेव हं, अमेरिकन आहेत." अपमान गिळायची माझी क्षमता मार्चमध्ये अजून शिल्लक होती.

ती एप्रिलमध्ये संपली. एलायसचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी तिकडच्या एका काउंटी कचेरीत होती. काउंटीचं नाव सांगत नाही, कारण पुढे मला त्यांचे आभार मानायचे आहेत आणि मला ते मनापासून मानता येणार नाहीत. प्रती मागवायचा अर्ज इंटरनेटवर. पहिला प्रश्न: मयताशी नातं. पर्याय चारच: पुत्र, कन्या, वकील, सरकारी अधिकारी. मी वकील नाही. सरकारी अधिकारी असते तर या भानगडीत पडले नसते. म्हणून अडीचशे वर्षांपूर्वी वारलेल्या एलायस पेलहॅमची कन्या म्हणून मी सेंगकांगहून अर्ज केला. तत्क्षणी उत्तर आलं: 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

पुढचा प्रश्न राज्याचा. यादीत पन्नास अमेरिकन राज्यं, सिंगापूर नाही. नाव न निवडता पुढे जाता येईना, म्हणून मी 'स' वरून साउथ कॅरोलायना धरलं. आमच्या पिनकोडचे आकडे सहा, त्यांच्या चौकटीत मावतात पाच. शेवटचा त्यांनी परस्पर कापला. माझं पाकीट सेंगकांग, साउथ कॅरोलायना, या जगात नसलेल्या गावाला तीन आठवडे शोधत फिरलं आणि 'असे गाव आढळले नाही' असा शिक्का घेऊन कचेरीत परत गेलं. मग इंटरनेटवरच्या माझ्या अर्जावर शेरा: कन्या असल्याचा पुरावा पाठवा.

मी एक चिडकी ईमेल लिहिली. 'महोदया, मी मयताची कन्या नाही, असते तर माझं वय दोनशे सत्तर असतं.' दोन मिनिटांत तिथल्या बाईंनी दोन्ही कागदांची छायाचित्रं पाठवली. वर लिहिलं, 'आधीच ईमेल का नाही केलीत?'

यादी वाचायला काकांनी भिंग आणलं. मोडी वाचणाऱ्याला जगातलं कुठलंही हस्ताक्षर अवघड नाही असं त्यांचं म्हणणं, आणि खरंच ते भराभर वाचत गेले. चांदीचे बारा चमचे. उखळ. निळीचे हौद. डायमंड नावाचा घोडा, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने गरीब. मग काकांचा आवाज बारीक झाला. सीझर. ज्युडिथ आणि तिची तान्ही हेस्टर. क्वाश, सुतार. अशी एकतीस माणसं, घोड्याच्या खाली आणि फावड्यांच्या वर. तीस जणांना नावं होती. शेवटची ओळ अशी: 'एक म्हातारी, कामाला निरुपयोगी.'

मी भिंग घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. माझी आई दळणाकांडणाच्या ओव्या गोळा करायची. गावोगाव वह्या घेऊन फिरायची, मी तिच्या मागे. त्या बायका शेजारणीच्या म्हशीचंही नाव ओवीत गुंफायच्या, कुणाला वगळायच्या नाहीत. मला राग आला की आतून ओवी येते. तेव्हाही आली:

घोड्याचं नाव त्यानं, लाडानं ग लिहियेलं,
म्हातारीच्या नावापाशी, शाईनं तोंड फिरविलं.

"हे परिशिष्टात टाकू," काका भिंग पुसत म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "किंवा नकोच. कुलवृत्तांतात कुळातली माणसं घ्यायची. हा नियम आहे."

"नीळ कुणी काढली, काका? कुळाने?"

"तू आवाज चढवू नकोस. वरून लोक बघतात."

मी यादी चौदाव्या पानावर घातली. परिशिष्टात नाही, मुख्य मजकुरात, एलायसच्या नोंदीखाली, आमच्या नमुन्याप्रमाणे: नाव, वय, काम. एकतिसाव्या ओळीत नावाची जागा कोरी सोडली. ते नाव सापडावं म्हणून मी चर्चच्या नोंदी धुंडाळल्या, जुनी वर्तमानपत्रं चाळली, तीन अभ्यासकांना पत्रं लिहिली. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने आपलं पुस्तक विकत घ्यायला सांगितलं. त्यातही ती नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रँटने कच्ची प्रत चाळली. गोत्राच्या रकान्यात 'काश्यप' बघून तो मनापासून हसला. वंशवृक्षावर बोट फिरवत आपल्या नातीपर्यंत आला. मग पान चौदा. तिथे तो बराच वेळ होता.

"निशी," तो म्हणाला. माझं नाव निशिगंधा. जिभेला जड जातं म्हणून त्यातला गंध त्याने पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. "हे पान काढूया. ही माणसं नात्यातली नाहीत."

"तुमच्या एलायसच्या घरची आहेत."

"तेव्हाची पद्धतच होती ती. मेळावा आनंदाचा आहे. शेतकरी माणसं होतो आम्ही, एवढं पुरे." मग त्याच सुरात, अजिबात धमकी नसल्यासारखं, "तुझ्या पासचा कागद माझ्याकडे आलाय. या महिन्यात बघतो."

आता मी काय केलं ते ऐका. मी पान काढलं. हो. इतकी रागावणारी, ओव्या रचणारी बाई, मी मुकाट्याने पान चौदा उडवलं, पंधराचं चौदा केलं आणि पुस्तक छापायला दिलं. जाईची परीक्षा डोळ्यांपुढे होती. त्या जागी एक वाक्य टाकलं: 'श्री. एलायस यांनी नीळ व भात पिकवला.' श्री. एलायस यांनी आयुष्यात ओंजळभर रोपं लावली असतील तर शपथ.

शनिवारी दुपारी छापील प्रती घरी आल्या आणि माझा बांध फुटला. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत बोलत होते. "शेतकरी म्हणे. घोड्याचा स्वभाव लिहितो मेला, आणि घरातल्या बाईचं नाव विचारत नाही. एवढं काय जड जात होतं विचारायला? आणि नंतर छापणारे तरी कसे छापतात?"

विक्रांत म्हणाला, "छापणारी तूच ना?"

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गॅलरीत कपडे वाळत घालायला गेला. ते वाळलेले होते.

जाई पुस्तकांच्या कपाटापाशी उभी होती. तिने आमचा कुलवृत्तांत काढला. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, पण आडनाव आणि बाबाचं नाव ओळखू येतं. पान दोनशे सतरा तिने माझ्यापुढे धरलं आणि इथल्या पोरांसारखा वाक्याला 'लाह' जोडून म्हणाली,

"मम्मी, आपलं बुक पण सेम लाह. माझं नेम कुठेय?"

मी चष्मा लावला. 'विक्रांत. शिक्षण बी.ई. वास्तव्य सिंगापूर. पत्नी सौ. विशाखा. अपत्ये: एक कन्या.'

"आणि विशाखा इज हू? बाबाची फर्स्ट वाइफ?"

गॅलरीतून विक्रांत म्हणाला, "नाही गं, ती हीच."

लग्नात ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने याने 'विशाखा' लिहिलं होतं. पाच मिनिटांनी ते तांदूळ कुणीतरी डब्यात ओतले आणि त्यानंतर मला त्या नावाने कुणीही, कधीही हाक मारलेली नाही. पुस्तकात मात्र तीच बाई नांदते आहे. आणि जाईच्या वेळी मी पंधरा तास कळा दिल्या होत्या, ते 'एक कन्या' मध्ये आटोपलं. शेजारच्याच नोंदीत विक्रांतच्या सख्ख्या काकांचं ताक होतं, सविस्तर.

माझ्यावर कुणी काही लादलं नव्हतं. ती मुद्रितं मीच तपासली होती. या ओळीत मला 'शिक्षण' मधली वेलांटी खटकली होती आणि ती मी दुरुस्त केली होती. लाल शाईने.

त्या एकतीस माणसांच्या भोगाशी माझी तुलना करायला मी वेडी नाही. मला कुणी विकलं नाही, माझी लेक माझ्याजवळ आहे, इतकी जवळ की उलट बोलते. पण तो लिहिणारा हात, तो माझ्या ओळखीचा निघाला.

मी पुस्तक घेऊन तशीच बाराव्या मजल्यावर गेले. काका टीव्ही बघत होते.

"काका, हिचं नाव का नाही?"

"मुलींची संख्या देतात. त्या पुढे दुसऱ्या कुळात जातात. पद्धत आहे ती."

"जाई कुठे गेलेली नाही. तुमच्या खालीच राहते, तिसऱ्या मजल्यावर. तुमच्या फोनमध्ये अक्षरं मोठी कुणी करून दिली?"

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग खूप मऊ आवाजात म्हणाले, "माझ्या दोघी आहेत, एकशे नव्वदाव्या पानावर. मीच लिहिलंय, 'दोन कन्या'." टीव्ही बंद करून ते उठले आणि कपाटातून गोंदाची बाटली काढली. "शुद्धिपत्र काढता येईल. खरं म्हणजे संपादक मंडळाची मंजुरी लागते. मंडळाचं नंतर बघू."

त्या दुपारी मी, काका आणि जाई अशा तिघांनी इथल्या सगळ्या मराठी नातेवाइकांच्या प्रतींसाठी चिठ्ठ्या छापल्या. 'पान २१७, ओळ ९: सौ. विशाखा याऐवजी निशिगंधा असे वाचावे. एक कन्या याऐवजी जाई असे वाचावे.' काकांच्या चिठ्ठीवर उमा आणि रेवती. जाईने आपली चिठ्ठी स्वतः चिकटवली, जरा वाकडी, आणि वरून हात फिरवत राहिली.

गोंद उरला होता. आणि माझ्याकडे बासष्ट पेलहॅमांचे पत्ते होते. संकलक मीच होते ना.

पान काढणं मी मान्य केलं होतं. शुद्धिपत्राबद्दल आमचं काहीच बोलणं झालं नव्हतं. मी ते इंग्रजीत लिहिलं, आपल्या रिवाजाप्रमाणे कोरडं: 'पान १४, ओळ ६: श्री. एलायस यांनी नीळ व भात पिकवला, याऐवजी खालील एकतीस माणसांनी नीळ व भात पिकवला, असे वाचावे.' खाली यादी. एकतिसावी ओळ: 'एक म्हातारी, कामाला निरुपयोगी. नाव लिहिणाऱ्याने विचारले नाही. कुणास माहीत असल्यास संकलकास कळवावे.' खाली माझं नाव, पूर्ण, गंधासकट.

विक्रांतने बासष्ट पाकिटांकडे पाहिलं, जाईकडे पाहिलं, मग म्हणाला, "पास?"

"ठाऊक आहे."

"नाही, म्हणजे तिकिटं मी चिकटवतो. तुझी वाकडी लागतात."

या वेळी पत्त्यात एकही आकडा कापला गेला नाही. सगळी पाकिटं पोचली.

ग्रँट मेळाव्याहून परतला तो थेट माझ्या टेबलापाशी आला. नेहमीचा गोडवा कुठे पडला होता कुणास ठाऊक. मला त्याने काचेच्या खोलीत नेलं. "बासष्ट माणसांनी मला विचारलं, निशी. जेवणाच्या टेबलावर. माझी नात मोठ्याने वाचत होती."

"निशिगंधा," मी म्हणाले.

"मी तुला एक साधं काम सांगितलं होतं."

"मला साधं काम नीट येत नाही. अकरा वर्षांत तुमच्या लक्षात यायला हवं होतं."

त्याने एक पाकीट टेबलावर टाकलं. "लोर्ना आत्याने दिलंय. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तुझ्याच हातात द्यायला सांगितलं. मी उघडलेलं नाही."

आत जुन्या वहीच्या पानाची प्रत होती. एलायसच्या सुनेची पाककृतींची वही, आत्याकडे वारशाने आलेली. तिरपं, बारीक अक्षर, काकांच्या भिंगाची गरज न लागण्याइतकं स्वच्छ. भात कसा धुवावा, किती पाण्यात टाकावा, झाकण केव्हा काढू नये. आणि सगळ्यांत वर एक ओळ. मी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली: 'आमची म्हातारी बायना, जी आता कामातून गेली आहे, तिने चुलीपाशी बसून सांगितला तसा भात.'

ग्रँट खुर्चीत बसला. त्याने काचेबाहेर पाहिलं. तिथे फक्त प्रिंटर होता.

"या मेळाव्यालाही केला होता," शेवटी तो म्हणाला. "मी दोनदा घेतला."

मी कागदाची घडी घातली. बोलले असते तर 'साहेब' म्हणाले असते.

पासचा कागद त्याने सही करून पाठवला. दर वेळी दोन वर्षांची शिफारस असते, या वेळी एकाच वर्षाची केली. जाईची परीक्षा होईल. पुढच्या वर्षी आम्ही कुठे असू, सांगता येत नाही. एकच वर्ष का, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि त्याबद्दलचा माझा राग मी जपून ठेवला आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं त्याने मनावर घेतलेलं नाही. लोर्ना आत्या मात्र दर आठवड्याला ईमेल करते. मोठ्या अक्षरात.

काल मी पुन्हा बासष्ट पाकिटं केली. काकांनी गोंद दिला, तिकिटं विक्रांतने लावली, आणि जाईने इंग्रजी तपासून एक स्वल्पविराम काढला. मजकूर लहान आहे.

शुद्धिपत्र क्रमांक दोन. पान १४, यादीतली ओळ ३१: 'एक म्हातारी, कामाला निरुपयोगी' याऐवजी 'बायना' असे वाचावे.